पंच्याण्णवच्या खाली

वीरेश तोडकर माईकवर बोलायला लागला की स्टेडियमबाहेर चहाच्या गाड्यापाशी उभी असलेली माणसंही मॅच बघायची, नुसत्या कानांनी. बॉल कुणाच्या पायात आहे, कोण कुणाच्या अंगावर गेला, गोलकीपर पुढं आलाय की मागंच राहिलाय, सगळं त्यांना दिसायचं. शिवाजी पेठेत त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं, पण फुटबॉलचा सीझन सुरू झाला की दुकान बायकोच्या अंगावर टाकून तो मैदानावर पसार. बायको दानेश्वरी संकेश्वरची. लग्न होऊन आली तेव्हा तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं; पुढं बुटांचे नंबर आणि तळाचे खिळे ती नवऱ्यापेक्षा जास्त ओळखू लागली. मूलबाळ झालं नाही. वीरेश तोंडाचा फटकळ. चारचौघांत तिला काहीही बोलायचा. ती ऐकून घ्यायची, कारण घरी येईपर्यंत तो ते विसरलेला असायचा. ती विसरायची नाही, एवढंच.

पन्नाशीच्या आतच एका मॅचला माईक त्याच्या हातातून निसटला. त्यानं उचलला, परत निसटला. लोक हसले, तोही हसला. मग सदऱ्याची बटणं लागेनात. मग जीभ जड झाली, आणि दारू पिऊन बोलतोय असं लोकांना वाटायला लागलं. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन. अंग हलवणाऱ्या नसा एकेक करून मरतात, म्हणाले. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. हे ते धीर द्यायला म्हणाले, पण दानेश्वरीला त्याचीच जास्त भीती वाटली.

दोन वर्षांत त्याचे फक्त डोळे आणि थोडी मान हलायची राहिली. खाणं म्हणजे पेज आणि आंबील, तीही चमच्या-चमच्यानं. तोंडात लाळ साठायची, गिळता यायची नाही. त्यासाठी लाळ ओढून घ्यायचं छोटं मशीन होतं. ते सुरू केलं की पिठाच्या गिरणीसारखं घरघरायचं. दानेश्वरी दिवसातून कितीतरी वेळा त्याची नळी त्याच्या गालात धरायची. कधी धरायची हे तिला त्याच्या डोळ्यांवरून कळायचं.

वीरेशचा धाकटा भाऊ सोमशेखर याचं शाहूपुरीत कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यानंच ही नवी सोय केली. वीरेशच्या मॅचच्या जुन्या रेकॉर्डिंगा गोळा केल्या, त्यांच्यावरून हुबेहूब त्याचा आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर शोधलं, आणि दुकानाच्या बिलांसाठी घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते बसवलं. पडद्याखाली एक कॅमेरा लावला. वीरेश ज्या अक्षराकडं किंवा शब्दाकडं टक लावून बघेल तो शब्द उमटायचा, वाक्य पुरं झालं की ते त्याच्याच आवाजात स्पीकरमधून बाहेर पडायचं. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा सोमशेखर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला होता.

पण कॉम्प्युटर जुना. वाक्य लिहून झालं तरी त्याचा आवाज तयार व्हायला फार वेळ लागायचा. विचारणारा माणूस थांबायचा, घड्याळाकडं बघायचा, मग दुसरंच काहीतरी बोलायला लागायचा, आणि मधेच मागल्या प्रश्नाचं उत्तर यायचं. म्हणून वीरेश मोजकं बोलायला लागला. एकदा दुपारी त्याचं अंग पुसून दानेश्वरी पलंगाच्या कडेला टेकली होती. स्पीकरमधून एकच शब्द आला, "दमलीस." एवढ्या वर्षांच्या संसारात तो असं कधी म्हणाला नव्हता. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

मग डिसेंबरात सीझन सुरू झाला. जोतीराम आणि पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघातले दोघंतिघं भेटायला आले. जोतीराम म्हणजे वीरेशनं तयार केलेला पोरगा; आता स्टेडियमवर माईक त्याच्या हातात होता. त्यांचा कालच्या पेनल्टीवरून वाद चालला होता. "वीरेशदा, तुम्ही सांगा, पेनल्टी हुती का न्हवती?" जोतीरामनं विचारलं. वीरेशचे डोळे पडद्यावर पळायला लागले. तोवर विषय बदलला, हसणं-खिदळणं झालं, चहा झाला, आणि मंडळी उठली. ती बोळात पोचल्यावर खोलीत वीरेशचा आवाज घुमला, "न्हवती! बॉल खांद्याला लागला हुता!"

ऐकायला फक्त दानेश्वरी होती.

त्याच संध्याकाळी सोमशेखर आला तेव्हा वीरेशनं त्याला एक शब्द ऐकवला. "वेग."

"वाढवता येतोय दादा," सोमशेखर जरा विचार करून म्हणाला. "कंपनीनं ठरवून दिलेल्या गतीपेक्षा प्रोसेसर जोरात पळवायचा. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. पण मग तो तापतोय. त्याच्यावर मोठा कूलर पाहिजे. कंपनीनं दिलेला हा एवढासा पंखा हाय, आणि मोठा कूलर ह्या डब्यात बसत न्हाय. त्यापेक्षा नवीन मशीन जोडू. सगळं परत बसवायला महिना-दीड महिना जाईल, तवर हे बंद ठेवाय लागंल."

वीरेशचे डोळे हलले. दोघं थांबून राहिले.

"महिना न्हाय. आज."

सोमशेखरनं वहिनीकडं बघितलं. ती काय बोलणार? महिन्याभरानं हे डोळे तरी हलतील का, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं वेग वाढवला, बराच वेळ मशीन पळवून बघितलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आणून ठेवला.

"वहिनी, हा ताप. माणसाचा असतोय तसाच, पण ह्याचं माप येगळं. ऐंशीपर्यंत बिनघोर राहा. नव्वदच्या पुढं गेला तर दादाला जरा गप बसवायचं. पंच्याण्णव म्हणजे हद्द. त्याच्यावर गेला की मशीन आपलं आपणच वेग कमी करतंय, आणि तरीबी तापत राहिलं तर फाटकन बंद पडतंय."

"म्हणजे जळतंय?"

"न्हाय न्हाय. जळू ने म्हणून बंद पडतंय. स्वतःला जपतंय ते."

थंडीचे दिवस होते. आकडा ऐंशीच्या आसपास खेळत राहिला आणि वीरेश बोलायला लागला. डोळ्यांचा सराव झाला होताच, आता आवाजही लगेच निघत होता. माणसं परत यायला लागली. खोलीत मॅचच्या गप्पा रंगायच्या, वीरेश मधेच एखादं वाक्य टाकायचा आणि हशा पिकायचा. मोठा कूलर, नवीन मशीन यांचं नाव कुणी काढेना. चाललंय की, मग कशाला हात लावा.

आणि त्याची जुनी जीभही परत आली. "पेज हाय का खळ?" "उशी नीट लाव, आंधळी हायस का?" एकदा जोतीरामच्या देखत दानेश्वरीनं कुठल्याशा खेळाडूबद्दल काही सांगितलं, तर स्पीकर म्हणाला, "हिला काय कळतंय? बूट इकायचं तेवढं कळतंय." सगळे हसले. जोतीरामला नंतर अवघडल्यासारखं झालं असावं. चहाचा कप तो स्वतः आत ठेवायला गेला. दानेश्वरीनं कप घेतला, विसळला. मधल्या दोन वर्षांत आपण एका वेगळ्याच माणसाबरोबर राहिलो, असं तिला वाटलं. तो कमी बोलायचा, शब्द निवडून बोलायचा. हा परत पूर्वीचाच झाला होता. याला गप्प बसवणारं आता काही उरलं नव्हतं, कोपऱ्यातला आकडा सोडला तर. आकडा अठ्ठ्याऐंशीवर गेला की ती म्हणायची, "बास करा आता, तापलंय ते." तेव्हा तो गप्प व्हायचा. असं म्हणताना आपल्याला बरं वाटतं, हेही तिच्या ध्यानात आलं होतं, आणि त्याची तिला लाज वाटायची.

एप्रिल लागला तशी खोली भट्टीसारखी झाली. वरचा पंखा गरम वाराच ढकलायचा. टेबलफॅन एकच होता. तो वीरेशकडं लावला की कोपऱ्यातला आकडा चढायचा, आणि कॉम्प्युटरकडं लावला की वीरेशच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरायचा आणि त्याला तो पुसता यायचा नाही. सोमशेखरनं डब्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं, पंख्यात बसलेली धूळ ब्रशनं झाडली, आणि भावासमोर येऊन बसला.

"दादा, वेग थोडा उतरवूया. उन्हाळा सरंपर्यंत. सारखं नव्वदच्या वर चाललंय."

"परत मुका करतोस मला?"

"तसं न्हाय दादा..."

"मग गप बस. पंखा त्याच्याकडं लाव. मला न्हाय लागत."

सोमशेखर लहानपणापासून ह्या आवाजाला घाबरत आला होता. आवाज स्वतःच्या हातानं मशीनमध्ये भरला होता, तरीही घाबरला. त्यानं टेबलफॅनचं तोंड कॉम्प्युटरकडं वळवलं.

महिनाअखेरीला फायनल होती आणि तालीम फायनलला पोचली होती. जोतीरामच्या डोक्यात कल्पना आली. तो स्टेडियमवरून व्हिडिओ कॉल लावणार, वीरेश फोनवर मॅच बघणार आणि घरातून बोलणार, आणि जोतीराम तो आवाज लाऊडस्पीकरवर सोडणार. सगळी मॅच नाही, फक्त दुसरा हाफ. वीरेशनं लगेच होकार दिला. आठवडाभर तो तयारी करत होता. खेळाडूंची नावं, "बॉल आता", "काय मारलाय", "अंगावर गेला गडी", अशी तयार वाक्यं पडद्यावर मांडून घेतली, म्हणजे नुसती नजर टाकत गेलं की झालं. एक वाक्य बोलून होईपर्यंत पुढची रांगेत उभी राहणार होती.

त्या दिवशी सकाळी दानेश्वरी त्याची दाढी करत होती. हात थोडा हलला, हनुवटीवर रक्ताचा ठिपका आला. "आज तरी नीट कर," स्पीकर म्हणाला. "जन्मभर घाण केलीस." तिनं ब्लेड धुतलं, ठिपक्यावर तुरटी फिरवली, आणि दिवसभर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. कामं सगळी केली. नजर मात्र त्याच्या डोळ्यांना भिडू दिली नाही.

मॅचच्या आधी जोतीरामचा फोन आला. "वहिनी, खोलीत कायबी आवाज नगो. फोन स्पीकरपाशी ठेवा, खिडक्या लावून घ्या, बोळातला दंगा येतोय. आणि ते लाळंचं मशीन चालू करू नका तेवढा वेळ. लई घरघरतंय, सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल."

दानेश्वरीनं दुसऱ्या हाफच्या आधी वीरेशचं तोंड नीट साफ केलं आणि मशीन भिंतीकडं सरकवून ठेवलं. खिडक्या लावल्या. सोमशेखर कॉम्प्युटरपाशी गुडघ्यांवर बसला. दानेश्वरी टेबलफॅन दोन्ही हातांनी धरून कॉम्प्युटरच्या उघड्या कुशीत वारा घालायला लागली.

"नमस्कार कोल्हापूर!" वीरेशचा आवाज गेला आणि फोनमधून असा गलका आला की सोमशेखरनं फोनचा आवाज जरा कमी केला. बोळात कुणीतरी शिट्टी मारली. वीरेशचे डोळे पडद्यावर भराभर फिरत होते आणि आवाज सुटला होता, तोच, माईकवरचा, चढत जाणारा. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा जिवंत दिसत होता. दानेश्वरीनं एकदाच बघितलं. सकाळचं बोलणं तिला आठवलं आणि तिनं नजर आकड्यावर ठेवली.

नव्वद. ब्याण्णव. खोलीत हवा हलत नव्हती. त्र्याण्णव. सोमशेखरनं बोट वर करून तिला पंखा आणखी जवळ घ्यायला सांगितलं. तिनं घेतला. पंच्याण्णव. मग शहाण्णव, आणि आवाज मागं पडायला लागला. मशीननं आपला वेग आपणच कमी केला होता. वाक्यं रांगेत साठत होती आणि एकेक करून रेंगाळत बाहेर येत होती. फोनमध्ये कॉर्नर चालला होता, वीरेशचा आवाज अजून त्याच्या आधीच्या थ्रोवर होता. सोमशेखरनं हातानंच खूण केली, मागं पडलंय. दोघांचे श्वास त्या आकड्यात अडकले होते. बंद पडू ने, एवढंच. सगळ्या कोल्हापूरसमोर मधेच बंद पडू ने.

वीरेशच्या घशात लाळ उतरली ती नेमकी कधी, हे कुणी सांगू शकत नाही. त्याला खोकता येत नव्हतं. त्याचे डोळे पडद्यावरून सुटले आणि भिंतीकडल्या मशीनवर गेले, तिथून बायकोवर. ती आकडा बघत होती. आणि आवाज तर चालूच होता. "बॉल आता कृष्णातकडं... काय पळालाय गडी..." आधी नजरेनं निवडून ठेवलेली वाक्यं ती, रांगेत उभी राहिलेली. त्याची नजर सुटायच्या आधीच फोनमध्ये गोलाची गर्जना होऊन विरली होती. त्यानंतर कितीतरी वेळानं स्पीकरमधून आलं, "गोल! गोल! कृष्णातनं जाळं फाडलं!" आणि स्टेडियमनं उशिरा आलेल्या त्या आवाजासाठी पुन्हा एकदा टाळ्या वाजवल्या. आणखी दोन वाक्यं आली. मग आवाज थांबला.

"उतरालाय वहिनी," सोमशेखर कुजबुजला. "त्र्याण्णव... नव्वद... अठ्ठ्याऐंशी. वाचलं."

दानेश्वरीनंही सुस्कारा सोडला. वीरेश बोलायचा थांबला म्हणून आकडा उतरतोय, हे तिच्या ध्यानात यायला एक क्षण गेला. मग तिनं वळून बघितलं. ओठ जांभळे पडले होते. डोळे उघडे होते.

तिच्या हातातला पंखा खाली पडला. ती मशीनकडं धावली, नळी त्याच्या तोंडात खुपसली. घरघर सुरू झाली आणि ती सगळ्या स्टेडियमला ऐकू गेली. "काय झालं? वहिनी, काय झालं?" फोनमधून जोतीराम विचारत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घशात अडकून किती वेळ झाला?" सोमशेखर खाली मान घालून उभा राहिला. "आवाज चालू होता," दानेश्वरी म्हणाली. "म्हणून बघितलं न्हाय." डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा तेच सांगितलं.

वीरेश आणखी काही दिवस होता. नाकातोंडात नळ्या होत्या. ती घरातून अक्षरांचा तक्ता घेऊन गेली, जुना, कॉम्प्युटरच्याही आधीचा. त्याच्या डोळ्यांसमोर धरून ती एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली. डोळे कशावरच थांबले नाहीत. नर्सनं तिच्या हातातून तक्ता हळूच काढून घेतला. शनिवारी सकाळी तो गेला. जंगम आले, लिंगायतांच्या रीतीनं विधी झाले, बसत्या स्थितीत त्याला मातीत ठेवलं. सगळी तालीम आली होती, सगळी पेठ आली होती.

भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती. "शेवटच्या श्वासापर्यंत बोलला गडी. असं मरण कुणाला येतंय?" गोलाचा तो व्हिडिओ घरोघरी फोनवर फिरत होता. जो तो दानेश्वरीला तो दाखवायला बघायचा. त्या आरोळीच्या वेळी हा माणूस श्वास घ्यायला धडपडत होता, हे त्या खोलीतल्या दोघांनाच माहीत होतं. ती मान हलवायची. सोमशेखर उठून बाहेर जायचा.

पावसाळ्याच्या तोंडाला जोतीराम आला. सोमशेखरही तिथंच होता. जोतीराम बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलला, मग मुद्द्यावर आला.

"वहिनी, पुढच्या सीझनची सुरुवात वीरेशदाच्या आवाजानं करायची, असं तालमीत ठरलंय. आवाज मशीनमध्ये हाय की. आम्ही लिहून देतो, सोमूदा तेवढं मशीनकडनं वदवून घेतील. सगळ्या स्टेडियमला रडू येईल बघा."

"न्हाय," दानेश्वरी म्हणाली.

"आता लगेच न्हाय म्हणू नका. विचार करा."

"केलाय. त्या आवाजाच्या तोंडी आता कुणी कायबी घालायचं न्हाय."

जोतीरामचा चेहरा पडला. "वहिनी, राग मानू नका, पण तो आवाज तुमच्या एकटीचा न्हाय. पेठेचा हाय."

"असंल. पेठेनं आवाज ऐकला. मीबी आवाजच ऐकला. तो गेला तवा त्याच्याकडं बघायला कोण हुतं?"

जोतीरामला ते समजलं नाही. त्याला आरोप वाटला, आपल्यावरचा. लाळेचं मशीन बंद ठेवा म्हणणारा तोच होता. तो उठला, चपला घातल्या, पाण्याचा तांब्या तसाच ठेवून निघून गेला.

दानेश्वरी तो तांब्या उचलून आत निघाली. मग सोमशेखर म्हणाला, "मशीन नेऊ वहिनी?"

"न्या. आणि त्यातला आवाज पुसून टाका."

त्यानं वायरी काढल्या, डब्याचं झाकण लावायच्या आधी आत वाकून बघितलं, आणि सवयीनं बोलून गेला, "प्रोसेसरला कायबी झालेलं न्हाय. एकदम चांगला हाय." आपण काय बोललो हे त्याच्या कानांवर पडलं तेव्हा तो तसाच वाकलेला राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. दानेश्वरी आतून आली, त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण "तुमची चूक न्हाय" हे तिच्यानं म्हणवलं नाही. ते खरं झालं नसतं. स्वतःलाही तिनं तसं कधी म्हटलं नाही.

तोडकरांची वहिनी लई कडक निघाली, नवऱ्याची आठवणसुद्धा ठेवू देत नाही, असं पेठेत बोललं जायला लागलं. डिसेंबरात सीझन सुरू झाला. दानेश्वरीनं दुकानात नवीन माल भरला, नंबराप्रमाणं बूट लावून ठेवले. तालमीतली पोरं दुकानासमोरून जायची आणि पुढं कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात शिरायची. ती का जातात हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिनंही कुणाला विचारलं नाही.